साळिंदराचा इशारा

गोंदिया शहर जेथे सरते, तेथेच फुलचूर गावाची वस्ती सुरू होते. वाढते शहर आता गावाच्या अंगणापर्यंत येऊन ठेपले आहे. एकीकडे नव्या वसाहतींचे बंगले आणि विजेच्या दिव्यांची रांग; दुसरीकडे धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे झुडपी रानाचा काळोख. अशा सीमेवरच्या घरांना दोन्ही जगांतून पाहुणे येतात. दिवसा शहरातून येतात, रात्री रानातून.

गावाच्या कडेला अशाच एका घरात एक वृद्ध शेतकरी राहत असे. त्याचा नातू बारा वर्षांचा. या नातवाचा जीव की प्राण म्हणजे मोती नावाचा कुत्रा. मोती कोणत्याही नामांकित जातीचा नव्हता. तांबूस रंग, ताठ कान, वर वळलेली शेपटी, असा तो साधा गावठी कुत्रा. पण त्याच्या शौर्याचा नातवाला केवढा अभिमान! रानमांजर असो, कोल्हा असो, मोती मागे हटावयाचा नाही. "साऱ्या फुलचुरात मोतीएवढा धीट कुत्रा दाखवा," असे तो मित्रांना छाती फुगवून सांगत असे.

मार्गशीर्षातील एक थंड रात्र होती. घरामागच्या वाडीत रताळ्यांचे वेल पसरले होते. मध्यरात्री मोती एकाएकी भुंकू लागला. त्या भुंकण्यातच एक वेगळा आवाज ऐकू आला. वाळलेल्या शेंगांची जुडी कोणी जोराने हलवावी, तसा तो खुळखुळाट होता. तो एकदा झाला, थांबला, पुन्हा झाला. मग पाय आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मोतीची जीवघेणी किंकाळी!

आजोबा आणि नातू टॉर्च घेऊन धावले. प्रकाशात जे दिसले, त्याने मुलाचे काळीज थरारले. मोती जमिनीवर लोळत होता आणि पुढच्या पायांनी आपलेच तोंड ओरबाडीत होता. त्याच्या नाकपुडीत, ओठांत, छातीत काळेपांढरे काटे रुतले होते. कुंपणाच्या कोपऱ्यातून एक ठेंगणी काळी आकृती काटे सळसळवीत रानाकडे निघून गेली.

"मोती!" असे ओरडून मुलगा पुढे झाला. त्याने काट्याला हात घातला मात्र, मोतीने दात विचकले आणि तो गुरगुरला. मुलगा जागच्या जागी थिजला. ज्याला त्याने पिलू असताना हाताने दूध पाजले होते, तो मोती आज त्याच्यावर गुरगुरला होता!

"माघारी ये, बेटा," आजोबा शांतपणे म्हणाले. "काढण्याची घाई करू नकोस. जनावर वेदनेने वेडे झाले म्हणजे त्याला आपपर कळत नाही."

मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. ते मोतीच्या दुःखामुळे जेवढे होते, तेवढेच त्या गुरगुरण्यामुळे होते.

पहाटे शेजारी जमले. एकाने सल्ला दिला, "काटे मधोमध कापा, आतली हवा गेली की ते सैल होतात आणि आपोआप निघतात." ही समजूत फार ठिकाणी आढळते, पण ती खरी नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी तसे करू दिले नाही. कापलेला काटा चिरफळतो आणि चिमट्याच्या पकडीत येईनासा होतो, असे त्यांनी समजावून दिले. त्यांनी मोतीला गुंगीचे औषध टोचले आणि तो स्वस्थ झाल्यावर एकेक काटा ज्या दिशेने शिरला होता, त्याच दिशेने सरळ उपसून काढला. एकूण अकरा काटे निघाले. त्यांतील एक जिभेखाली लपला होता. मग जखमा धुतल्या, औषध लावले. एवढे करूनही बारा दिवसांनी मोतीच्या खांद्यावर गळू आले आणि त्यातून काट्याचा एक तुटका तुकडा बाहेर पडला. वरून लहान दिसणारी जखम आत किती खोल असते, हे मुलाने त्या दिवशी पाहिले.

ज्याने मोतीची अशी दैना केली, ते साळिंदर आहे तरी कसे? मराठीत त्याला साळू आणि सायाळ असेही म्हणतात. उंदीर आणि खार यांच्याप्रमाणे ते कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील आहे. पूर्ण वाढलेल्या साळिंदराचे वजन अकरा ते अठरा किलोग्रॅमपर्यंत भरते. दिवसा ते बिळात किंवा कपारीत झोपते आणि रात्री कंदमुळे, फळे, झाडाची साल शोधीत हिंडते. रानात पडलेली हाडेही ते कुरतडते. त्यांतून त्याला शरीरास लागणारी खनिजे मिळतात. त्याच्या अंगावरचे काटे म्हणजे दुसरे काही नसून केसच होत. माणसाची नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात, त्याच द्रव्याचे ते बनलेले असतात. गळून गेलेल्या काट्यांच्या जागी पुन्हा नवे उगवतात.

साळिंदर बाणासारखे काटे फेकते, असे कित्येक जण अजूनही सांगतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकारानेही तसेच लिहून ठेवले होते. परंतु ते खरे नाही. काटे कातडीत सैल बसलेले असल्यामुळे अंग झाडताना एखादा गळून पडतो आणि पाहणाऱ्याला तो फेकल्यासारखा वाटतो, एवढेच. काटा अंगात रुतावयाचा, तर साळिंदराचा प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो. आणि तो स्पर्श होण्यापूर्वी साळिंदर काय काय करते, ते पाहण्यासारखे आहे. प्रथम ते काटे उभारून आपला आकार मोठा करते. मग शेपटीवरच्या पोकळ काट्यांचा खुळखुळाट करते. मग पाय आपटते आणि घुरघुरते. एवढ्यानेही शत्रू हटला नाही, तर ते त्याच्याकडे पाठ फिरविते आणि वेगाने उलटे धावून त्याच्या अंगावर जाते. पाठीमागचे आखूड, जाड, तीक्ष्ण काटे मग आपले काम करतात. तीन वेळा सांगून चौथ्या वेळी मारणारा हा प्राणी आहे. त्याला क्रूर कसे म्हणावे?

कुत्रा आणि साळिंदर यांचे हे भांडण आजकालचे नाही. ते इतके जुने आहे की भाषेनेही त्याची नोंद ठेविली आहे. संस्कृतात साळिंदराला शल्यक म्हणतात, तसेच श्वाविध् असेही म्हणतात. श्वन् म्हणजे कुत्रा. श्वाविध् म्हणजे कुत्र्याला विंधणारा! ज्याने हे नाव प्रथम योजिले, त्याच्याही दारी एखादा मोती असाच कण्हत पडला असेल.

आणि कुत्र्याचीच काय कथा! प्रत्यक्ष वाघालाही या काट्यांनी सोडलेले नाही. जिम कॉर्बेट या प्रसिद्ध शिकाऱ्याचा शिकारकथांचा एक संग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथील एका वाघिणीची हकीकत आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि सुमारे पन्नास काटे तिच्या पुढच्या पायात रुतले. जखमा चिघळल्या, शिकार करणे अशक्य झाले आणि शेवटी ती नरभक्षक बनली. चोवीस माणसांचा तिने बळी घेतला. वाघीण जन्मतः माणसाची वैरीण नव्हती. वेदना आणि भूक यांनी तिला तसे बनविले.

मोती बरा झाला. जखमांवर केस उगवले. पुन्हा तो घरभर बागडू लागला. "आता तो साळिंदराच्या वाटेस जाणार नाही. चांगलीच अद्दल घडली आहे त्याला," असे मुलगा म्हणे. पण महिना लोटला नाही तोच एका रात्री पुन्हा तोच खुळखुळाट, तेच भुंकणे आणि तीच किंकाळी! या वेळी सहा काटे निघाले.

मुलगा चिडून गेला. "आबाजी, एवढा मार खाऊनही याला शहाणपण कसे येत नाही?" त्याने विचारले.

उत्तर डॉक्टरांनी दिले. ते म्हणाले, "पुष्कळ कुत्री एकदा काटे खाऊनही पुन्हा साळिंदरावर धावून जातात. पाठलागाची ऊर्मी उसळली की मागची वेदना आठवत नाही. दोन वेळा हा मोती माझ्याकडे आला. यातून कोणी शिकावयाचे, तर ते त्याच्या धन्याने."

हे शब्द आजोबांनी मनावर घेतले. त्यांनी रताळ्यांच्या वाफ्याभोवती बारीक जाळी ठोकली आणि साळिंदर माती उकरते हे ध्यानात घेऊन तिचा खालचा भाग जमिनीत पुरला. दिवस मावळल्यावर मोतीने ओसरीतच निजावे आणि फाटकाची कडी नातवाने लावावी, असा नियम झाला. साळिंदराला विष घालावे किंवा फासा लावावा, असेही कोणी सुचविले. पण आजोबांनी ते साफ नाकारले. भारतातील वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी १९७२ साली झालेला कायदा साळिंदरालाही लागू आहे. शिवाय आजोबा म्हणत, "ते पोटासाठी आले होते. भांडण उकरून काढले ते आपल्या मोतीने."

याच सुमारास गावात एक निराळेच प्रकरण उद्भवले. नव्या वसाहतीतील एका बंगल्यात राखणीसाठी रॉटवायलर जातीचा एक भला थोरला कुत्रा आणला होता. तो रात्रंदिवस साखळीला बांधलेला असे. एके सकाळी साखळीची कडी तुटली आणि तो फाटकातून बाहेर धावला. दूध घालणाऱ्या माणसाच्या पोटरीत त्याचे दात रुतले. सुदैवाने त्या माणसाने जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घेतली. त्यामुळे मोठा अनर्थ टळला. पण गाव खवळले.

संध्याकाळी पिंपळाच्या पारावर माणसे जमली. एक जण म्हणाला, "ही जातच वाईट. असल्या कुत्र्यांना गावात थाराच देता कामा नये." दुसरा म्हणाला, "जात कशी वाईट असेल? वाईट असेल तर त्याचा मालक." शब्दाला शब्द वाढत गेला. गावातील शाळेच्या एक शिक्षिका तेथे होत्या. हा वाद केवळ फुलचूरच्या पारावरचा नाही, साऱ्या देशात आणि परदेशांतही तो चालू आहे, असे सांगून त्यांनी सर्व हकीकत नीट कथन केली.

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी सर्व राज्यांना एक पत्र पाठविले. पिटबुल, रॉटवायलर इत्यादी २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करावी, असे त्यात सांगितले होते. कुत्र्यांच्या हल्ल्यांत माणसे, विशेषतः मुले, जखमी होत होती. तेव्हा सरकारला काळजी वाटणे स्वाभाविक होते. परंतु १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरविले. ज्यांच्यावर या निर्णयाचा परिणाम होणार, त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावयास हवे होते, असे न्यायालयाचे मत पडले. इंग्लंडमध्ये १९९१ सालच्या कायद्याने चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी आली. नेदरलँड्स या देशात १९९३ साली पिटबुलवर बंदी घातली गेली; पण तिच्यामुळे चाव्यांचे प्रमाण कमी झाले नाही, असे आढळल्याने २००८ साली ती उठविण्याचे ठरले.

"शास्त्रज्ञांचे काय म्हणणे आहे?" एका तरुणाने विचारले.

बाईंनी सांगितले, "२०२२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती गोळा केली. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ९ टक्के भागच जातीवरून सांगता येतो, असे त्यांना आढळले. एखादा कुत्रा लवकर चिडेल की नाही, हे तर केवळ जातीवरून ओळखणे फारच कठीण."

पहिला गृहस्थ एवढ्याने गप्प बसणारा नव्हता. तो म्हणाला, "बाई, गावठी कुत्रा चावला तर दात लागतात, तो धिप्पाड कुत्रा चावला तर लचकाच तुटतो. मग दोघांना एकाच मापाने कसे मोजावयाचे?"

त्याच्या बोलण्यातही तथ्य होते. ताकदवान कुत्र्याची एक चूक दहा चुकांइतकी महाग पडते, हे कोण नाकारील?

तेव्हा आजोबा बोलू लागले. "म्हणूनच ज्याच्या हाती ताकदवान जनावर, त्याच्यावर जबाबदारीही तेवढीच मोठी. आम्ही मारका बैल पाळला, तर त्याला वेसण घालतो आणि लेकरांना त्याच्या दावणीपाशी जाऊ देत नाही. बैल मारतो म्हणून साऱ्या बैलजातीला दोष देत नाही आणि बैलाने मारले तर 'मी काय करू' असेही म्हणत नाही. कुत्र्याच्या बाबतीत निराळा न्याय कशाला?"

बाईंनी त्याला दुजोरा दिला. रॉटवायलर ही जात जर्मनीतील रॉटवाइल गावाच्या नावाने ओळखली जाते. गुरे हाकणे आणि खाटकांच्या गाड्या ओढणे हे तिचे मूळचे काम. पिटबुलच्या पूर्वजांना तर इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलांवर सोडीत आणि लोक तो खेळ म्हणून पाहत. १८३५ साली कायद्याने तो क्रूर खेळ बंद झाला, तेव्हा कुत्र्यांच्याच झुंजी लावण्याची चाल वाढली. बाई म्हणाल्या, "माणसाने पिढ्यान्पिढ्या निवडून निवडून ज्या अंगी बळ आणि चिवटपणा आणला, त्याचा दोष आता एकट्या कुत्र्याच्या माथी मारावयाचा काय?" आपल्या देशात जनावरांच्या झुंजी लावणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. नेहमी साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरू न देणे, हाही त्याच कायद्याने गुन्हाच आहे. आणि आपल्या जनावरापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचू नये म्हणून जो योग्य ती काळजी घेत नाही, त्याला भारतीय न्याय संहितेप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कायद्यांत कुत्र्याची जात विचारलेली नाही.

शेवटी पारावर असे ठरले की बंगल्याच्या मालकाकडे भांडावयास न जाता चार समजूतदार माणसांनी जावे. त्याप्रमाणे ती गेली. मालकानेही आपली चूक कबूल केली. दूध घालणाऱ्याच्या औषधपाण्याचा खर्च त्याने दिला, फाटक उंच केले, कुत्र्याला दररोज तोंडाला जाळी बांधून फिरावयास नेण्याचे आणि त्याला शिकविण्यासाठी जाणता माणूस ठेवण्याचे मान्य केले. हे सर्व पार पडेल की नाही, याविषयी काही जणांच्या मनात शंका होती. त्यांनी लक्ष ठेवण्याचे ठरविले. तेही योग्यच होते.

घरी परतताना नातू बराच वेळ मुकाट्याने चालत होता. मग एकाएकी त्याने विचारले, "आबाजी, त्या रात्री मोती माझ्यावर गुरगुरला. तोही वाईटच का?"

आजोबा थांबले. "तो गुरगुरला, पण चावला का?"

"नाही."

"मग तो तुला काय सांगत होता?"

मुलाने क्षणभर विचार केला. "हात लावू नकोस, दुखते आहे, असे."

"तेच," आजोबा म्हणाले. "कुत्रा गुरगुरतो, अंग ताठ करतो, मानेवरचे केस उभारतो, ओठ वर करून दात दाखवितो. साळिंदर काटे खुळखुळवते. ज्याला बोलता येत नाही, त्याची ती भाषा आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारशील, तर तो गुरगुरणे सोडील. मग एके दिवशी न सांगताच चावेल. मोतीला साळिंदराची भाषा कळली नाही. तुला मोतीची कळली पाहिजे. जेवणाऱ्या, निजलेल्या, बांधलेल्या, पिलांजवळ बसलेल्या, दुखणाईत कुत्र्याच्या जवळ जाऊ नये. अनोळखी कुत्रा समोर आला तर पळू नये, ओरडू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. स्तब्ध उभे राहावे आणि मग सावकाश मागे सरावे. एवढे जरी पोरांना ठाऊक असले, तरी पुष्कळ चावे वाचतील."

त्या रात्री थंडी पुन्हा वाढली होती. दूर वाडीच्या कडेला ओळखीचा खुळखुळाट झाला. ओसरीत मोतीचे कान ताठ झाले. तो उठला, दारापर्यंत गेला आणि तेथेच थबकला. कारण दार लावलेले होते. ते नातवाने दिवेलागणीलाच आठवणीने लावले होते. मुलगा अंथरुणातून उठून त्याच्याजवळ जाऊन बसला. त्याने लगेच हात लावला नाही. मोतीकडे नीट पाहिले. मोतीची शेपटी सैल पडून हळूहळू हलू लागली. मग मुलाने त्याच्या मानेवर हात ठेविला.

बाहेर खुळखुळाट आणखी एकदा झाला, लांब गेला आणि झुडपी रानात विरून गेला. साळिंदर आपल्या वाटेने गेले. मोती मुलाच्या पायाशी वेटोळे करून निजला.